बोटीवरचा पाहुणा

आमच्या गावात कुणाच्या मुलाची चौकशी केली आणि 'बोटीवर आहे' असं उत्तर आलं, की पुढचा प्रश्न एकच असतो, 'कधी येणार?' कुठल्या बोटीवर, काम काय, पगार किती, हे कुणी विचारत नाही. दाभोळ खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यात बोटीवर असणं म्हणजे जणू पत्ताच. माझ्या अब्बांचा पत्ता तेहतीस वर्षं हाच होता.

अब्बा १९७२ साली पहिल्यांदा बोटीवर गेले. गावच्या जमातीची डोंगरीला एक खोली होती. तिथं महिनोन्‌महिने पथारी टाकून, शिपिंग ऑफिसच्या खेपा घालून त्यांना एका विलायती कंपनीच्या प्रवासी जहाजावर खलाशाची जागा मिळाली. त्या कंपन्यांची जुनी रीत ठरलेली होती. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे लोक, खाली इंजिनात पंजाब-सरहद्दीकडचे, वर जेवणघरात आणि खोल्यांवर गोव्याचे ख्रिस्ती. जहाज एक, पण प्रत्येक खात्याचा भंडारी वेगळा आणि चूलही वेगळी. अब्बा खलाशाचे सारंग झाले आणि २००५ साली कायमचे घरी आले. तोवर मी कॉलेजात होते.

लहानपणी अब्बा म्हणजे आमच्या घरी येणारा एक पाहुणा होता. नऊ-दहा महिन्यांनी यायचा. येताना साबण, चॉकलेटं, नायलॉनच्या साड्या आणायचा. तो आला की घरात मटण शिजायचं, अम्मा नवी चादर काढायची. मी सहा वर्षांची असताना एका रात्री अम्माला विचारलं, "हे आपल्या घरी कधी जाणार?" अब्बा ओटीवर जागेच होते. हे मला खूप वर्षांनी अम्माकडून कळलं. अब्बांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २०२३ची दिवाळीची सुट्टी. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. शाळेत उर्दू, घरात आमची कोकणी बोली आणि लिहायला बसले की मराठी, असा माझा तीन खोल्यांचा संसार आहे. त्या वर्षी दोहाला असलेल्या भाईचा फोन आला. म्हणाला, "अब्बा-अम्माला एकदा क्रूझवर न्यायचं. निम्मे पैसे माझे. जहाज तू शोध."

सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात, अजमेरला जातात. जन्मभर जहाज धुतलेल्या माणसाला सुट्टीसाठी पुन्हा जहाजावरच न्यायचं, ही कल्पना मला आधी विचित्रच वाटली. पण अम्मा जवळच बसली होती. तिनं सुपारी कातरता कातरता विचारलं, "मलापण नेणार?"

मग माझ्या लक्षात आलं, की ज्या बाईचं अख्खं आयुष्य बोटीच्या हिशेबानं गेलं, तिनं बोट कधी आतून पाहिलीच नव्हती. तिचं माहेर चिपळूणकडचं, घाटाच्या पायथ्याचं. लग्नात ती एस.टी.नं आली. तिच्या नावावर समुद्रप्रवास म्हणाल तर दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट, दहा मिनिटांची.

जहाज शोधायला बसले तेव्हा कळलं, की क्रूझ म्हणजे एकच प्रकार नव्हे. साड्यांच्या दुकानात शिरावं आणि दुकानदारानं 'काठपदर की साधी, रोजची की लग्नाची?' विचारून गोंधळवावं, तसं झालं.

भाईच्या मनात होतं ते सगळ्यात मोठं. २०२२च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी दोहाच्या बंदरात 'एमएससी वर्ल्ड युरोपा' नावाचं जहाज हॉटेल म्हणून उभं होतं. ते त्यानं काठावरून पाहिलं होतं. दोन लाख पंधरा हजार टनांवर त्याचा आकार आणि पोटात साडेसहा हजारांहून जास्त प्रवासी मावतात. आमच्या तालुक्यातली किती गावं रिकामी केली तर ते भरेल, याचा मी हिशेब करत बसले. अशा जहाजावर बाजार असतो, नाटकघर असतं, पोहण्याचे तलाव असतात. मी मोबाईलवर फोटो दाखवला. अब्बांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "ही इमारत आहे. हिच्यात राहणाऱ्याला समुद्र बघायला मुद्दाम वेळ काढायला लागेल."

आमच्या मुख्याध्यापकांनी दुसरं टोक सुचवलं. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून 'गंगा विलास' ही नदीतली क्रूझ सुरू झाली होती. बांगलादेशातून जाऊन आसामात दिब्रुगडपर्यंत, ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर. खोल्या फक्त १८, प्रवासी ३६. लहान जहाजाचं सुख असं, की माणसाला माणूस ओळखतो, काठ सतत दिसतो, रांगा नाहीत. पण जितकी माणसं कमी, तितका माणशी खर्च जास्त. आमच्यासारख्यांनी त्याची चौकशी करणंही धाडसाचं. अब्बा एवढंच म्हणाले, "नदी चांगली. पण एकावन्न दिवस? तेवढ्यात मी एकदा ऑस्ट्रेलियाला जाऊन आलो असतो."

तिसरा पर्याय माझ्या मनातला होता. कोचीहून लक्षद्वीपला सरकारी जहाजं जातात. 'एम. व्ही. कवरत्ती' हे त्यातलं मोठं, सुमारे सातशे प्रवाशांचं. ही जहाजं पर्यटकांना नेतात, पण मुळात ती बेटांवरच्या लोकांची. कुणी दवाखान्यातून परतत असतो, कुणी कॉलेजातून, कुणी लग्नाचं सामान घेऊन. बेटांवर बहुसंख्य आपलेच लोक, त्यामुळं खाण्यापिण्याचा, नमाजाचा प्रश्न नाही. परवाना मात्र आधी काढावा लागतो. हे ऐकून अब्बा पहिल्यांदा सरळ होऊन बसले.

"मिनिकॉयला जाते का?" त्यांनी विचारलं. "मिनिकॉयची माणसं आमच्याबरोबर होती. जातिवंत दर्यावर्दी. त्यांची भाषा निराळी, कुणाला कळत नसे. पण वारा बदलणार हे आम्हांआधी त्यांना कळायचं."

मी मनातल्या मनात लक्षद्वीप पक्कं केलं. सामान वाहणारं, माणसं घरी पोचवणारं, खरं कामाचं जहाज. अब्बांना तेच मानवलं असतं. पण पुढं वाचताना कळलं, की बऱ्याच बेटांपाशी मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या होड्यांत उतरावं लागतं. लाटेवर होडी वर येते तो क्षण साधून पाय टाकायचा. पूर्वी आमच्या दाभोळला मुंबईची बोट यायची, तेव्हा असंच पडावातून चढ-उतार करत. अम्माचे दोन्ही गुडघे गेलेले. ती घरचा जिनासुद्धा बसून उतरते.

अब्बांनीच तो विषय संपवला. "हिला होडीत उतरवता येणार नाही. राहू दे." मग जरा थांबून म्हणाले, "आणि सगळंच राहू दे. मी पैसे देऊन जहाजावर जाऊ? लोक हसतील."

राहिलं होतं ते चौथं जहाज. २०२१च्या सप्टेंबरपासून मुंबईहून प्रवासी नेऊ लागलेलं 'एम्प्रेस'. हे मधल्या आकाराचं, सुमारे अठराशे प्रवाशांचं. थेट धक्क्यावरून चढायचं, गोव्याला जाऊन परत यायचं. मी आजवर ते बाजूला ठेवलं होतं, कारण त्यावर कॅसिनो होता, दारू होती, आणि आपल्या माणसांना तिथं अवघडल्यासारखं होईल असं वाटत होतं. दुसरं म्हणजे जहाज जुनं. फ्रान्समधल्या सेंट-नझेरच्या गोदीत १९९० साली बांधलेलं. आधी दुसऱ्या नावांनी दुसऱ्या समुद्रांत फिरून आलेलं. मी हे वाचून दाखवत होते आणि 'जुनं' हा शब्द जरा दबक्या आवाजात म्हणत होते.

अम्मानं विचारलं, "नव्वद साली हे कुठल्या जहाजावर होते?"

अब्बांनी नाव सांगितलं.

"ते असंच होतं?"

"थोडंफार. तेव्हाची जहाजं अशीच असायची."

"मग हेच बघ," अम्मा मला म्हणाली. "मला मोठं नको, छोटं नको. मला ह्यांचं जहाज बघायचंय."

त्यावर अब्बा उठून अंगणात गेले. बराच वेळ आत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी स्वतःहून जहाजाचा नकाशा मागितला. मग सारंगाचं काम सुरू झालं. वरच्या मजल्यावरची गॅलरीची खोली महाग असते, खालची स्वस्त. मला वाटलं होतं, भाई पैसे देतोच आहे तर वरची घ्यावी. अब्बांनी नकाशावर बोट ठेवलं. "झोपाळ्यावर बसतेस ना? वर टांगलेल्या कडीपासून लांब जावं तसा झोका मोठा. जहाजाचं उलट. वर जाशील, पुढच्या नाहीतर मागच्या टोकाला जाशील, तसं जास्त हलणार. खालच्या मजल्याची, मधोमध असलेली खोली घे. लोक झोका खायला जास्त पैसे देतात." मग म्हणाले, "पण खिडकी पाहिजे. ही बिनखिडकीत घाबरेल." एवढं बोलून त्यांनी नकाशा घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

आम्ही बॅलार्ड पियरवरून चढलो. अब्बा याच भागातून कितीदा गेले-आले होते, पण तेव्हा खांद्यावर किटबॅग आणि हातात कागद. या वेळी दारात एका मुलीनं वाकून सांगितलं, "वेलकम, सर. आमच्या गेस्टसाठी लिफ्ट या बाजूला आहे." अब्बांनी मागं वळून पाहिलं. त्यांना वाटलं, ती दुसऱ्या कुणाशी बोलतेय.

तो एक शब्द त्या प्रवासात आमची पाठ सोडीना. गेस्ट. पाहुणा. जेवणघरात वाढणारा पोरगा अब्बांच्या मांडीवर रुमाल पसरायला आला तर अब्बा अर्धे उभेच राहिले. जेवून झाल्यावर त्यांनी तिघांच्या ताटल्या एकावर एक रचल्या, काटे-चमचे एका दिशेला लावले. पोरगा कळवळून म्हणाला, "सर, हे आमचं काम आहे." अब्बा म्हणाले, "मला माहीत आहे, बेटा." खाण्याची सोय झाली. आम्ही विचारून, शाकाहारी आणि मासळी एवढंच घेतलं. वरच्या मजल्यावरून गाण्यांचा आवाज येत होता. कॅसिनोच्या दारावरून जाताना अम्मानं पदर जरा पुढं ओढला. पण आम्हांला कुणी काही म्हटलं नाही, आम्हीही कुणाला काही म्हटलं नाही. आपली वाट आपण काढली की एकाच जहाजात सगळे मावतात.

रात्री खोलीत इशाच्या वेळी अम्मानं एक प्रश्न विचारला. मला वाटतं, हा प्रश्न तिच्या मनात खूप वर्षं होता. "इथं किबला कुठं ते कसं कळायचं तुम्हांला?"

अब्बा खिडकीपाशी गेले. "जहाज दक्षिणेला चाललंय. तर उजव्या हाताला, आणि जराशी मान मागं. येताना जहाज उलटं, म्हणून डाव्या हाताला आणि जरा पुढं. जहाजाचं तोंड कुठं आहे हे ठाऊक असलं की झालं." त्यांनी टॉवेल तिरका अंथरला. त्या चार हातांच्या खोलीत दोघांनी पुढं-मागं उभं राहून मुसाफिराची कसर नमाज पढली. मी पलंगावर पाय वर घेऊन बसले, त्यांना जागा व्हावी म्हणून. या दोघांना एकत्र नमाज पढताना मी कधी पाहिलं होतं, ते मला आठवेना.

अकराच्या सुमारास अब्बांनी आम्हांला डेकवर बोलावलं. डाव्या कठड्याशी आम्ही उभे राहिलो. काळोख आणि वारा. लांबवर एक उजेड लुकलुकत होता, मिटत होता.

"टोळकेश्वरचं दीपगृह," अब्बा म्हणाले. "तिथं आत आपली खाडी. वेळेच्या हिशेबानं आपण घरासमोर आहोत."

तो उजेड दीपगृहाचा होता की एखाद्या मच्छीमार लाँचचा, मला सांगता येत नाही. मी वाद घातला नाही. अम्मा कठडा धरून त्या ठिपक्याकडे बघत राहिली.

"एवढंच दिसायचं?" ती म्हणाली.

"कधीकधी. जहाज इकडून गेलं तर. नाहीतर तेवढंही नाही."

"आणि जहाज घरासमोरून जायचं?"

"दोन-तीनदा गेलं."

"मला कळवलं नाहीत."

"कळवून काय करणार होतीस?"

अम्मा काही बोलली नाही. मग म्हणाली, "दिवा लावला असता."

अब्बा समुद्राकडे तोंड करून उभे होते. त्यांनी तसंच, मागं न वळता, मला विचारलं, "तुला आठवतं, लहानपणी तू हिला विचारलं होतंस, हे कधी जाणार म्हणून?" मी 'हो' म्हणाले. माझा घसा दाटून आला होता. माफी मागावी असं वाटत होतं, पण सहा वर्षांच्या पोरीच्या वतीनं माफी कशी मागायची? अब्बा म्हणाले, "तेव्हा मला वाईट नव्हतं वाटलं. मला वाटलं, पोरीला हिशेब बरोबर कळलाय. बोटीवर नोकर, घरात पाहुणा." ते हसले. "आज ती पोरगी मला बोटीवर पाहुणा करून घेऊन आली."

दुसऱ्या दिवशी अम्मानं हट्ट धरला, की तुम्ही झोपायचा ती जागा दाखवा. अब्बांनी समजावलं, प्रवाशांना खाली जायला मनाई असते. आमच्या वेळीही होती आणि आम्हांला वर यायला मनाई होती. तरी ते तिला हळूहळू चालवत एका दारापाशी घेऊन गेले. गालिचा घातलेली वाट, भिंतीवर चित्रं आणि शेवटी एक साधं पांढरं दार. त्यावर लिहिलेलं, फक्त कर्मचाऱ्यांसाठी. आम्ही तिथं उभे असतानाच आतून एक पोरगा चादरींचा ढीग घेऊन बाहेर आला. दार दोन क्षण उघडं राहिलं. आत गालिचा नव्हता. लोखंडी जमीन, डोक्यावर नळच नळ, पिवळट दिवे. रंगाचा, तेलाचा, धुतलेल्या कपड्यांचा एकत्र वास आला. मग दार मिटलं.

अम्मा म्हणाली, "हा वास." आणि थांबली.

मला लगेच कळलं. अब्बा घरी आले, की बॅग उघडताना पहिल्या दिवशी घरभर हाच वास असायचा. अम्मा ते कपडे दोन-दोन दिवस धुवायला टाकायची नाही. आम्हांला वाटायचं, कंटाळा करते.

परतीच्या प्रवासात अब्बा पहाटे चारला डेकवर गेलेले मला दिसले. पाणी मारून डेक धुणं चाललं होतं. त्यात श्रीवर्धनकडचा एक पोरगा निघाला. अब्बा त्याला विचारत होते, कंत्राट किती महिन्यांचं, घरी कोण कोण आहे. त्यानं मोबाईल काढून आपल्या लहान मुलीचा फोटो दाखवला. रोज व्हिडिओवर बोलतो, म्हणाला. अब्बा त्याला म्हणाले, "हे बरं झालं. आमच्या वेळी पोरं चेहरा विसरायची."

मुंबईला उतरताना अब्बांनी एक पाकीट काढलं. बक्षिसाचे पैसे बिलातच धरलेले असतात, हे मी त्यांना सांगितलं होतं. तरी त्यांनी खोली झाडणाऱ्या पोराला आणि त्या ताटल्या उचलणाऱ्याला वेगळं दिलं. पोरानं 'थँक यू, सर' म्हटलं, तेव्हा अब्बांनी या वेळी मागं वळून पाहिलं नाही.

शाळा उघडल्यावर सहकारी शिक्षिकांनी विचारलं, कुठलं जहाज चांगलं? मी जमेल ते सांगितलं. माणसांची गर्दी आणि करमणूक हवी असेल तर मोठं घ्या, काठ बघायचा असेल तर नदीतलं, बेटांवरचे लोक बघायचे असतील आणि गुडघे चांगले असतील तर लक्षद्वीपचं. खोली खालच्या मजल्यावरची, मधली घ्या. खाण्याचं आधीच विचारून ठेवा. हे सगळं खरंच आहे. पण आमच्या घरानं या गोष्टी पाहून जहाज निवडलं नव्हतं. आम्ही ते एका बाईच्या एका प्रश्नावरून निवडलं होतं.

आता आमच्या मोहल्ल्यात कुणी अम्माला विचारलं, की तुमचे हे कुठं होते इतकी वर्षं, तर ती नुसतं 'बोटीवर' म्हणून थांबत नाही. दार कसं असतं, जमीन कशी असते, किबला कुठल्या हाताला येतो, सगळं सांगते. अब्बा शेजारी बसून ऐकतात. मध्येच तिचं चुकतं. जाताना डाव्या हाताला, असं ती म्हणते. अब्बा दुरुस्त करत नाहीत.